विहीणबाई हयात असल्याबाबत

९ मार्च

नदीपलीकडच्या विहीणबाईंना,
अलीकडच्या व्याह्याचा, डोक्यावरचं हेल्मेट काढून नमस्कार.

पत्र हाती आलं की आधी जरा उन्हात वाळवा. टपाल बंद, फोन बंद, आणि पुलावरचा तपासनीस खिशातला कागदाचा कपटासुद्धा काढून घेतो. पण परदेशी पत्रकारांची हेल्मेटं कुणी उलटी करून बघत नाही. म्हणून हे पत्र एका लांबोड्या पत्रकाराच्या हेल्मेटाच्या गादीत कोंबलंय. माणूस सज्जन, पण घाम फार. शाई पसरली असेल तर दोष त्याचा, अक्षर वेडंवाकडं असेल तर माझा.

पूल बंद झाल्याला आज पाच महिने झाले. शाळाही बंद, त्यामुळे माझी शाळेची पिवळी बस दारात उभी राहून गंजत होती आणि तिच्या शेजारी मी. शेवटी नगर कचेरीतल्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "परदेशी पत्रकार येतायत. त्यांना आपला काठ हिंडवून दाखवायचा. तुम्हाला त्यांची भाषा येते म्हणे?" मी म्हटलं, येते. आता तुम्हाला म्हणून सांगतो, ती मी औषधाच्या खोक्यांत बारीक अक्षरांची जी घडी असते ना, तिच्यावरून शिकलोय. माझ्या चिमणीची, तुमच्या सुनेची, आई आजारी होती तेव्हा घरात औषधंच औषधं होती आणि उशाशी बसून वाचायला दुसरं काही नव्हतं. त्यामुळे माझी भाषा चांगली आहे, पण जरा औषधी आहे. काल शेतात पडलेला, न फुटलेला गोळा लांबून दाखवताना मी म्हणालो, "थंड व कोरड्या जागी ठेवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका." सगळ्यांनी लिहून घेतलं.

दौरा असा: आधी पडका मनोरा. मग भोकांची भिंत. शेवटी खानावळीची गच्ची, तिथून दुर्बिणीतून तुमचा काठ दिसतो. पत्रकार तोफा शोधतात. मी तुमच्या गच्चीवरची कपड्यांची दोरी शोधतो. चिमणीचा निळा गाऊन वाळताना दिसला की समजायचं, पोर बरी आहे. विहीणबाई, आज आठ दिवस झाले, दोरीवर निळा गाऊन नाही. माझा जीव टांगणीला लागलाय.

तिचे दिवस भरत आलेत. आई नसलेली पोर. लग्नात निरोप देताना तिला शब्द दिला होता, तुझं पहिलं मूल होईल तेव्हा दाराबाहेर मी बसलेला असेन. आता नियम असा की पूल ओलांडायची परवानगी फक्त परदेशी पत्रकारांना आणि त्यांच्या 'आवश्यक मदतनिसांना'. मी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर आलं, आपण आवश्यक नाही.

लग्नातल्या त्या फोटोचा राग अजून मनात असेल तर काढून टाका. माझ्या मेहुण्यानं काढला, त्याचा हात हलला, आणि बत्तीस माणसांत नेमकं तुमचं डोकं कापलं गेलं. पण मानेखालचा भाग फार सुरेख आलाय. गळ्यातला हार तर लखलखतोय.

पोरीचं काय ते कळवा.

आपला, अनावश्यक ठरलेला,
व्याही


१४ मार्च

हेल्मेटवाल्या व्याहीबुवांना,
डोकं नसलेल्या विहिणीचा नमस्कार.

पत्र मिळालं. उन्हात नाही वाळवलं, वरून इस्त्री फिरवली. यापुढे हेल्मेटात कोंबाकोंबी नको. मी पत्रकारांच्या जाकिटाच्या अस्तरात शिवून पाठवीन. डाव्या काखेखाली तिरकी टीप दिसेल ती उसवा, आणि उसवल्यावर परत शिवा. धावदोरा तरी येतो ना? की तिथेही हात हलतो तुमच्या घराण्याचा?

निळा गाऊन दिसत नाही कारण तो अंगाला होईनासा झाला. पोटावर सहा बोटं कमी पडला. उसवून, दोन्ही बाजूंनी कळ्या, म्हणजे तिकोनी पट्ट्या, घालून परत शिवायला घेतलाय. आठ दिवस जीव टांगणीला लावायचं कारण नव्हतं, पण तुमची सवयच तशी. सुतावरून स्वर्ग गाठायचा तर निदान सूत तरी नीट बघावं.

सूनबाई तुमची आठवण वगैरे काढत नाही. उगाच हुरळून जाऊ नका. फक्त रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन पलीकडच्या पिवळ्या बसा मोजते. एकच असते, तरी मोजते. डॉक्टरीणबाई म्हणतात, एप्रिलचा शेवटचा आठवडा. जिने चढउतर बंद, असंही म्हणाल्या. म्हणजे गच्ची चढायची तेवढी चालू आहे, कारण ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बाप तुम्हीच, तेव्हा समजून घ्या.

आणि एक. दौरे काढणारे तुम्ही एकटे नाही. इकडच्या मेजरसाहेबांना परदेशी भाषा येत नाही, आणि माझ्या शिवणक्लासात सगळी कापडकटाईची पुस्तकं परदेशी. तेव्हा रोज सकाळी दहा वाजता पत्रकारांचं ब्रीफिंग माझ्याकडे असतं. अस्तराच्या कापडावर खडूनं नकाशा काढलाय, डोंगर टाचण्यांनी उभे केलेत. सीमेला मी 'शिवण' म्हणते, खंदकाला 'चुणी', आणि सैन्य मागे आलं की 'दोन इंच दुमडलं'. माणसं खूश आहेत. मेजरसाहेबही. त्यांची तीन पॅन्टींची उंची मी कमी करून दिली.

तुमच्या त्या भोकांच्या भिंतीबद्दल ऐकलं. आमच्या गोळ्यांची भोकं म्हणे! वरची चार तुमच्या केबलवाल्याची आहेत. मी लग्नाला आले होते तेव्हाही तिथेच होती. तेव्हा माझं डोकं शाबूत होतं, आणि डोळेही.

फोटोचा विषय तुम्ही काढलात म्हणून. मी काढणार नव्हते.

वरमाई


२१ मार्च

विहीणबाई,

टीप उसवली, परत शिवली. जाकीट आता एका बाजूला ओढतं, म्हणून तो पत्रकार दिवसभर तिरका चालतो. पण निळा गाऊन दिसला! दोन्ही बाजूंना पांढऱ्या कळ्या घातलेला. मी गच्चीत टाळी वाजवली. पत्रकारांना वाटलं तोफ दिसली, सगळे पालथे पडले.

बातमी चांगली आहे. एक दोन वेण्यांची बाई आलीय, मोठ्या वर्तमानपत्राची. बाकीचे मनोरा बघतात, धूर बघतात आणि जातात. (धूर बेकरीचा असतो, मी सांगतोही, पण ते लिहून घेत नाहीत.) ही मात्र बसमध्ये माझ्याशेजारी बसली आणि विचारलं, पलीकडे तुमचं कोण आहे?

आता आली का पंचाईत! 'विहीण' या शब्दाला त्यांच्याकडे शब्दच नाही. औषधांच्या सगळ्या घड्या आठवून पाहिल्या. ज्या लोकांकडे विहीण म्हणायची सोय नाही, त्यांची लग्नं पार पडतात तरी कशी, देव जाणे. शेवटी फोड करून सांगितलं: "ते मुलाकडचे. आम्ही मुलीकडचे." तिनं वही काढली. म्हणाली, "इथले लोक दोन्ही बाजूंना असंच म्हणतात?" मी म्हटलं, "सगळे. मुलाकडच्यांची मान ताठ. मुलीकडच्यांनी वाकायचं. पहिल्यापासून."

मग म्हणाली, "पण हे इतकं विकोपाला गेलं कशावरून?" एवढ्या आपुलकीनं विचारलं तर मी कशाला लपवू? खरं ते सांगितलं.

"लग्नात डोकं कापलं."

"कुणाचं?"

"मुलाच्या आईचं."

"कुणी कापलं?"

"माझ्या मेहुण्यानं."

"मुद्दाम?"

"छे! त्याचा हात हलला."

तिची पेन्सिल मोडली, विहीणबाई. मी माझी दिली. म्हणाली, "मग?"

"मग काय. त्या दिवसापासून बाई आमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे एकतीस जण छान आले."

"तुम्ही... तुम्ही काय केलंत त्याचं?"

"चौकट करून दिवाणखान्यात टांगलंय."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एका फोटोवरून परक्या बाईला एवढं रडू यावं! मन मोठं असतं एकेकाचं. तुम्हीसुद्धा एवढ्या रडला नव्हता. शेवटी माझा हात धरून म्हणाली, "मी हे जगाला सांगणार." मी म्हटलं, सांगा, आणि शेवटी एक ओळ घाला की बापाला पलीकडे जायचंय. तीच घेऊन येईल मला मदतनीस म्हणून, बघा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याला अजून महिना आहे.

तुमच्या सूनबाईला म्हणावं, बसा मोजत जा, पण बसून.

आपला आशेवरचा,
व्याही


२ एप्रिल

व्याहीबुवा!

आज सकाळी दहाच्या ब्रीफिंगला बारा पत्रकार आले. बाराच्या बाराजणांनी आल्याबरोबर हेल्मेटं काढली आणि मान खाली घालून उभे राहिले. एकानं फुलं आणली होती. मला वाटलं मेजरसाहेबांचं काही झालं. मी विचारलं, "कोण गेलं?" तर त्यातला म्हातारा घोगऱ्या आवाजात म्हणतो, "वरमाई. आम्हाला त्यांच्या समाधीवर फुलं वाहायची आहेत."

मी म्हटलं, "वरमाई मीच."

एकजण खुर्चीवरून पडला.

मग त्यांनी वर्तमानपत्र दाखवलं. तुमच्या वेणीवालीचं. अर्धं पान. 'लग्नमंडपात वरमाईचा शिरच्छेद: नदीकाठच्या युद्धाचं मूळ.' खाली लिहिलंय, इथल्या दोन जमाती, 'मुलाकडचे' आणि 'मुलीकडचे', पिढ्यानपिढ्या वैरी आहेत; मुलीकडच्यांच्या म्होरक्याच्या मेहुण्यानं भर लग्नात वरमाईचं डोकं कापलं, आणि म्होरक्यानं ते चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगलं. म्होरक्या म्हणजे तुम्ही. 'एरवी मृदू बोलणारा, पिवळी बस चालवणारा इसम', असंही आहे.

अहो, फोटो! फोटो! एवढा एक शब्द बोलला असतात तर काय जीभ झिजली असती? 'जेवणानंतर दोन गोळ्या' सांगायला येतं, आणि 'फोटो' सांगायला येत नाही?

आता ऐका पुढचं. मेजरसाहेबांना वरून विचारणा झाली, की आपल्या हद्दीतल्या बाईचं डोकं कापलं गेलं आणि आपण गप्प का? ते म्हणाले, बाई जिवंत आहेत, माझ्या पॅन्टींची उंची त्यांनीच कमी केली. वरचे म्हणाले, हयातीचा दाखला पाठवा. मी म्हटलं, मी हयात आहे, मी सांगते ना. तर म्हणाले, स्वतःच्या हयातीबद्दल स्वतःचं सांगणं ग्राह्य नाही. दाखल्यांची कचेरी पुलाच्या तुमच्या बाजूला. म्हणजे मी मेले ते तुमच्यामुळे, आणि जिवंतही तुमच्याच कारकुनानं करायचं!

सूनबाईला बातमी वाचून दाखवली. इतकी हसली, इतकी हसली, की तिला धरून बसवावं लागलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या. आता तिला गच्चीही बंद, जिनाही बंद, माझं ब्रीफिंग ऐकणंही बंद. म्हणतात, असं हसत राहिली तर महिनाअखेरपर्यंत थांबायची नाही.

मी हसले नाही. तोंडात टाचण्या होत्या.

(दिवंगत) वरमाई


५ एप्रिल

विहीणबाई,

कुठल्या तोंडानं लिहू. बसची किल्ली साहेबांनी काढून घेतली. हेल्मेटही. दौरे आता टपालखात्यातला एक रिकामा पोस्टमन काढतोय, तो पत्रकारांना ओळीनं घरांचे नंबर दाखवत नेतो. हे पत्र त्याच्या गटातल्या एका टक्कलवाल्याच्या अस्तरात जातंय. टीप माझीच, हसू नका.

माझ्यावर चौकशी बसलीय. फाइलीवर नाव टाकलंय 'शिरच्छेद प्रकरण'. मेहुणा माळ्यावर जाऊन बसलाय, जेवायला तेवढा खाली उतरतो. वेणीवालीला मी भिंतीवरचा फोटो दाखवला. ती आधी पांढरी पडली, मग लाल झाली, मग एवढी हसली की परत रडली. दुसऱ्या दिवशी तिनं दुरुस्ती छापली. सातव्या पानावर, हवामानाच्या खाली. सातवं पान कोण वाचतं?

साहेब म्हणतात, परदेशी दुरुस्ती आम्ही मानत नाही, घोळ त्यांनीच घातलाय. दोन्ही काठांनी मिळून खुलासा काढायचा असं ठरलंय. पाच महिन्यांत दोन्ही बाजूंचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट! पण खुलाशाला हयातीचा दाखला हवा, दाखल्याला ओळख हवी, आणि ओळख पटवायची मुलीकडच्यांनी, म्हणजे आरोपींनी. तेव्हा हुकूम निघालाय: पुलाच्या बरोब्बर मध्यावर तुम्ही तिकडून यायचं, मी इकडून, पाच मिनिटं एकमेकांकडे बघायचं, मी म्हणायचं 'ह्याच त्या', आणि दोघांनी आपापल्या वाटेनं मागे फिरायचं.

पाच महिने मी पुलाची स्वप्नं बघितली, आणि मिळाला तो अर्धा. अर्ध्या पुलावरून पोरीचं दार दिसत नाही हो. तुम्हीच सांगा तिला, बाप अर्ध्यापर्यंत येऊन गेला.

चुकलो. खरंच चुकलो. फोटोबद्दलही, आणि 'फोटो' न म्हटल्याबद्दलही.

व्याही


८ एप्रिल

व्याहीबुवा,

रडगाणं पुरे. पत्रावर पाणी पडलेलं दिसलं. टक्कलवाल्याचा घाम असेल असं समजून इस्त्री केली.

मी आयुष्यभर कापड बेतलंय. कापड कमी पडलं म्हणून कुणी रडत नाही, जोड कुठे लपवायचा ते बघतात. तर नीट वाचा.

मी मेजरसाहेबांना सांगितलं, मी पुलावर येणार नाही. म्हणाले, का? मी म्हटलं, पाच मिनिटं पुलावर उभं राहून काय सिद्ध होणार? जगानं वाचलंय की फोटोत डोकं नाही. तेव्हा जगाला फोटोतच डोकं दिसलं पाहिजे. तीच माणसं, तोच फोटोवाला, तोच कॅमेरा, आणि यावेळी डोक्यासकट. 'पूर्ववत छायाचित्र'. (हा शब्द मी तुमच्या साहेबांच्या हुकुमातून उचलला. सरकारी कापडाला सरकारी दोरा.) मेजरसाहेबांनी मान डोलावली. म्हणाले, मग काढू पुलावर. मी म्हटलं, नवरी कशी येणार? डॉक्टरांनी जिना बंद केलाय. नवरीशिवाय लग्नाचा फोटो म्हणजे पुन्हा बातमी: 'नवरी गायब'. झालं! साहेबांना घामच फुटला.

तेव्हा फोटो माझ्या घरी, वरच्या खोलीत. मुलीकडच्यांनी इकडे यायचं. बत्तीस नाही, पण निदान पुढची रांग.

तुमच्या बाजूनं अर्ज तुम्ही करा. 'भेटायला जायचंय' असं एक अक्षर लिहाल तर खबरदार. 'मदतनीस' नको, 'बाप' तर नकोच. लिहा, 'पुरावा म्हणून हजर राहण्यास तयार आहे.' आणि लवकर करा. ही मुलगी झोपेतही हसते हल्ली.

गैरसमज नको, हे मी माझ्या दाखल्यासाठी करतेय.

विहीण


१६ एप्रिल

विहीणबाई,

पास मिळाला! एकोणीस तारीख, सकाळी अकरा ते दुपारी दोन. प्रवर्ग या रकान्यात लिहिलंय: 'पुरावा, नग दोन.' एक नग मी, दुसरा मेहुणा. त्याला माळ्यावरून उतरवायला तीन माणसं लागली. त्याला वाटतंय तुम्ही कात्री घेऊन उभ्या असाल. असाल तर लपवून ठेवा.

नवा सदरा शिवायला वेळ नाही, जुन्यालाच बटण लावलंय. तुम्ही बघू नका त्याच्याकडे.

तुमचा,
नग एक


३ मे

विहीणबाईंना साष्टांग, कारण नुसत्या नमस्कारात मावणार नाही.

मी कालपासून परत माझ्या खुर्चीत बसलोय, आणि खुर्ची अनोळखी वाटते. तुमच्या घरी सगळ्यांच्या गलक्यात धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

ती वरची खोली डोळ्यांपुढून जात नाही. पुढच्या रांगेत तुम्ही, मी, चिमणी, जावईबापू. मागे दोन मेजर, एक तुमचे आणि एक आमच्या काठानं आमच्यावर नजर ठेवायला पाठवलेले, दारात कोंबलेले बारा पत्रकार. मेहुणा थरथरत म्हणतोय, "जरा इकडे बघा... हसा..." आणि हसा म्हटल्याबरोबर चिमणी हसली, आणि हसता हसता "आई गं!" म्हणाली, आणि त्याच क्षणी खटका पडला. मग काय पळापळ! जावईबापू डॉक्टरीणबाईंना आणायला निघाले ते एका पायात माझी चप्पल घालून. पत्रकार हेल्मेटांतून पाणी आणतायत. मला दोन मेजरांच्या मधोमध दाराबाहेर बसवलेलं. दोन वाजले तसा एकजण म्हणाला, "पुरावा परत पाठवायला हवा." तुम्ही आतून, तोंडात टाचणी नसताना, काय ओरडलात!

"चौकशी पुरी होईपर्यंत पुरावा ताब्यात ठेवायचा असतो! नियम वाचा!"

त्यांनी वाचला. खरंच निघाला की तसा नियम! संध्याकाळी सहाला नात झाली तेव्हा दाराबाहेर मी होतो. शब्द दिला होता तसा. त्यानंतर तेरा दिवस मी सरकारी ताब्यात, तुमच्या स्वयंपाकघरात. असा तुरुंग सगळ्यांना मिळो. मेजरसाहेब रोज येऊन 'पुरावा सुस्थितीत आहे' असं लिहून जायचे, तेव्हा नात माझ्या मांडीवर असायची.

आता दुःखाचं. कॅमेरा जुना, रोल धुवायला इकडेच आणावा लागला. चौकशी रोलाबरोबर इकडे आली आणि पुरावा सुटला. उद्या फोटो धुवून येतोय. एक प्रत इकडच्या साहेबांना, एक तुमच्या मेजरसाहेबांना. तुमचं डोकं दिसलं की ओळख पटली, खुलासा छापला, प्रकरण मिटलं. तुमच्यासाठी आनंद आहे, खरंच आहे. बाईमाणसानं किती दिवस दाखल्याशिवाय जगायचं. पण प्रकरण मिटलं की पूलही मिटला. नातीच्या डोळ्यांचा रंग अजून ठरत नव्हता. ठरला की कळवा.

किल्ली परत मिळाली. उद्यापासून दौरे. संध्याकाळी गच्चीत आणत जा दोघींना, मी बसचे दिवे लावीन.

आपला, मोकळा सुटलेला, नको असताना,
व्याही


८ मे

नगांपैकी एक, व्याहीबुवांना,

फोटो तुम्हीही पाहिला असेलच. मेजरसाहेब आज प्रत घेऊन आले. खिडकीपाशी नेऊन पाहिली, भिंग लावून पाहिली. चिमणी सुरेख आलीय, "आई गं" मधला 'ई' सुद्धा दिसतो. तुमच्या सदऱ्याचं ते बटण दुसऱ्या रंगाचं आहे, तेही दिसतं. तुम्ही पोरीकडे असं काही बघताय की मेजरसाहेबांनी डोळे पुसले. मागच्या रांगेतली एकूण एक माणसं आली आहेत, दारातले पत्रकारसुद्धा.

फक्त माझं डोकं नाही.

आता त्याला मी काय करू? बरोब्बर खटका पडायच्या वेळी माझी एक टाचणी खाली पडली. टाचणी पडली की शिवणकाम करणारं माणूस वाकतंच. घरात अनवाणी पाय असतात. मी वाकले, आणि मानेपासून वर काही आलं नाही. मेजरसाहेब बराच वेळ माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "बाई, टाचणी सापडली का?" मी म्हटलं, "अजून शोधतेय." त्यांनी पेन काढलं. शेरा स्वच्छ अक्षरात लिहिला: 'ओळख पटली नाही. पुरावा पुन्हा हजर करावा.' तुमच्या साहेबांनाही तसंच कळवलंय. तारीख पडलीय, २२ मे.

तेव्हा दाखला काही मिळाला नाही. लोक विचारतात, वाईट नाही का वाटत? मी म्हणते, बत्तीस वर्षं शिवणक्लास चालवला, कुणी दाखला मागितला नाही. आता थोडे दिवस राहीन अशीच.

उद्या दोरीवर बघा. निळ्या गाऊनच्या कळ्या उसवल्या, आता लागत नाहीत. त्या पांढऱ्या कळ्यांचं एक एवढंसं झबलं झालंय, दुर्बिणीतून टपालाच्या तिकिटाएवढं दिसेल. घाबरून पालथे पडू नका.

डोळ्यांचा रंग तुम्हीच येऊन ठरवा. आमचं एकमत होत नाही.

आणि येताना मेहुण्यालाच आणा. तुमचे साहेब दुसरा कुणी चांगला फोटोवाला देऊ करतील, तो मुळीच घेऊ नका.

अजून हयात न ठरलेली,
आपली विहीण